नारळ न आलेला पाडवा

अन्याय लंकाबाई गांगुर्डे हिच्यावर झाला. सन २००२, गुढीपाडव्याची सकाळ, गुढ्या उभ्या राहून कडुलिंबाची चटणी जिभेवर कडवट पसरली होती आणि ऊन अंगणात उतरू लागलं होतं, तेव्हा. करणारा माणूस पंढरीनाथ नाना, मुंबईच्या मालकाचा मुखत्यार. हत्यार म्हणाल तर न दिलेला एक नारळ. पत्रकात कोण, केव्हा, कुणी आणि कशाने हे पहिल्या चार ओळींतच आलं पाहिजे, असं मला शिकवलेलं आहे. म्हणून ते आधी उरकलं. बाकीचं सवडीने सांगते.

परवा दिंडोरीहून येताना एसटीच्या खिडकीतून बांधावर काड्यांचे ढीग दिसले आणि चैत्र आल्याचं कॅलेंडर न बघता कळलं. खरड छाटणी सुरू झाली. ज्यांनी द्राक्षबाग फक्त फेब्रुवारीत, घड लागलेली पाहिली आहे, त्यांनी ती एकदा या दिवसांत पाहावी. सगळा वेल ओलांड्यापर्यंत, म्हणजे तारेवरच्या जाड आडव्या फांदीपर्यंत, खरडून काढतात. मांडवाखाली वर्षभर जी हिरवी सावली असते ती एका दिवसात नाहीशी होते आणि उघड्या तारा आभाळात टांगल्यासारख्या दिसतात. कापलेल्या टोकांतून पाणी गळतं. खालून चालताना थेंब मानेवर पडतो, थंड, किंचित गोड. आमच्याकडे म्हणतात, वेल रडतोय. मला ते लहानपणापासून खोटं वाटतं. वेल रडत बिडत नाही, खालून मुळांनी जोर लावलेला असतो म्हणून पाणी वर येतं. त्या चैत्रात आमच्या गावात जे झालं ते तसलंच होतं.

आधी चाल समजून घ्या. आमच्या शिवारातली बरीचशी जमीन एकाच मालकाची. तो मुंबईत राहतो. कसणारे आम्ही, वाट्याने. निम्मं पीक त्याचं, निम्मं आमचं, घाम पूर्ण आमचा. वर्ष पाडव्याला सुरू होतं आणि पाडव्याला संपतं. कागद नाही. पाडव्याच्या सकाळी मुखत्यार प्रत्येक वाटेकऱ्याच्या दारात येतो, कुंकू लावतो, विडा आणि नारळ हातात देतो. नारळ मिळाला की जमीन आणखी वर्षभर तुमच्याकडे. नाही मिळाला तर नाही. कुणी ओरडत नाही, पोलीस येत नाहीत, सामान रस्त्यावर फेकलं जात नाही. ज्या दारात नारळ येत नाही त्या घरातलं माणूस समजून जातं आणि अक्षय्य तृतीयेच्या आत आपली फवारणीची टाकी, कात्र्या, पाइप उचलून बांधाबाहेर होतं. इतकी सभ्य हकालपट्टी जगात दुसरीकडे असेल तर मला दाखवा.

कागद का नाही? कारण कूळकायदा. कसणाऱ्याचं नाव सातबाऱ्याच्या पीकपाहणीला लागलं की उद्या तो हक्क सांगेल, ही मालकाची भीती. म्हणून तिथे लागतं ‘खुद्द’. खुद्द म्हणजे मुंबईतला तो माणूस, ज्याला छाटणीची कात्री कुठल्या हातात धरतात हे माहीत नाही. आणि एखादा वाटेकरी एका तुकड्यावर फार वर्षं टिकला, की त्याचा नारळ चुकतो.

ही चुकवाचुकव करायचं काम नानाचं. पगार घेऊन दुसऱ्याची जमीन सांभाळणारा माणूस कसा जगतो, हे मी जवळून पाहिलेलं आहे, कारण नाना माझ्या आईचा मानलेला भाऊ. पांढरं धोतर, काळा चष्मा, राजदूत मोटारसायकल. तिचा आवाज शिवारात शिरला की बांधावर चहा पिणारे उठून कामाला लागायचे आणि तो नुसताच पुढे निघून गेला की पुन्हा बसायचे. सकाळी त्याच्या ओट्यावर माणसं. कुणाला सिव्हिल हॉस्पिटलात खाट हवी, कुणाच्या पोराला वसतिगृहात जागा, कुणाच्या सोयरिकीत बोलणी अडलेली. नाना सगळ्यांचं करायचा. खरंच करायचा. माझ्या कॉलेजच्या प्रवेशाला तोच आला होता राजदूतवर बसवून. आणि मालकाचं काही अप्रिय असलं की हात वर करायचा, “वरून आलंय. माझ्या हातात काय हाय?”

नाना वाईट माणूस नव्हता, हे वाक्य मला आजवर गावातल्या प्रत्येकाने ऐकवलं आहे. बरं. नव्हता. मग? लंकाबाईची बाग काय एखाद्या वाईट माणसानेच घेतली असती तर जास्त गेली असती?

नाशिकला वाचनालयात बसून मी तेव्हा हाताला येईल ते वाचायचे. त्यात एकोणिसाव्या शतकातल्या आयर्लंडविषयी एक पुस्तक सापडलं आणि मी जेवायची विसरले. मालक लंडनमध्ये, बटाटे पिकवणारी कुळं आयर्लंडमध्ये, आणि मधे घोड्यावर बसलेला कारभारी. तो खंड गोळा करणार, तोच झोपड्या पाडून घेणार. मालकाला लोकांचं तोंड बघावं लागू नये म्हणून कारभाऱ्याने आपलं तोंड पुढे करायचं, हीच त्याची नोकरी. त्याच्या घराच्या खिडक्यांना जाड फळ्या, कोटात पिस्तूल, चर्चमध्येही त्याच्या शेजारचं बाक रिकामं. एका ठिकाणी तर कारभाऱ्याचं उभं पीक कापायला गावातून एकही हात पुढे आला नाही. वाचता वाचता मला राजदूतचा आवाज ऐकू येत होता. फरक एवढाच दिसला की तिथला कारभारी परका असायचा, त्याचा राग करणं सोपं. आमचा नाना भाऊबीजेला पाटावर बसायचा. त्याला पिस्तुलाची गरजच काय? त्याने प्रत्येक घरावर एकेक उपकार करून ठेवलेला होता.

आता लंकाबाई. तिचा नवरा पिंपळगावला टेम्पोवर ड्रायव्हर, हंगामात आठ-आठ दिवस घरी नाही. बाग तिची. म्हणजे कागदावर नाही, हातापायांनी. तो तुकडा मुरमाड होता, तिथे कुसळं उगवायची. तिने तिथे खड्डे घेतले, नदीकाठची माती डोक्यावरून वाहून भरली, काड्या लावल्या, बांबूला बांधल्या, मांडव उभा राहीपर्यंत मधे भुईमूग काढला. तिच्या बागेत गेलं की ओल्या मातीचा आणि फवारलेल्या मोरचुदाचा एक वास यायचा, तो मला अजून कुठेही आला तर मी मागे वळून बघते. ती वेलांशी बोलायची नाही, गात बित नव्हती. शिव्या द्यायची. “मरतुकड्या, फुट की आता.” आणि तो फुटायचा.

तर पाडव्याला नारळ आला नाही. कारण गावात कुजबुजत फिरत होतं: दिंडोरीकडे वायनरीवाले जमिनी बघू लागले होते, आणि मालकाला तो तुकडा मोकळा हवा होता. उभ्या बागेसकट, पण बाईशिवाय.

दुसऱ्या दिवशी लंकाबाई उठली, दुकानातून नारळ विकत घेतला आणि नानाच्या ओट्यावर गेली. मी आणि आई मागे. सगळी ओळखीची माणसं तिथे बसलेली.

“नाना, काल आमचं घर चुकलं का?”

“बस लंके. च्या घे.”

“च्या मागून. आधी ह्यो धरा.” तिने नारळ पुढे केला. “तुमी द्यायचा इसरले. मी घेऊन आले. आता माह्या पदरात टाका, मंग पिते च्या.”

कुणीतरी फिसकन हसलं. नानाने चष्मा काढला. “असं नसतं गं. नारळ मालकाच्या नावानं द्यायचा असतो. वरून आलं नाय, माझ्या हातात काय हाय?”

“नारळ हाय की हातात.”

“लंके, मी आजवर तुह्यावर कधी आवाज चढवला का?”

“नाय नाना. तुमचं काम बिनआवाजाचंच असतं.”

ती नारळ त्याच्या पायाशी ठेवून निघून आली. आणि नाना अडकला. फोडावा तर कबूल केल्यासारखं. परत पाठवावा तर चैत्रात दारी आलेला नारळ माघारी लावायचा म्हणजे अपशकुन, त्याच्या आईने घर डोक्यावर घेतलं असतं. तो नारळ खांबाशी तसाच राहिला आणि येणारा-जाणारा त्याच्याकडे बघून नानाकडे बघू लागला.

संध्याकाळी आमच्या मांडवाखाली सगळे वाटेकरी जमले. मी पत्रक तयार केलंच होतं. उभी राहून वाचलं, ‘सरंजामी मालकशाहीच्या हस्तकाचा धिक्कार असो.’

लंकाबाई म्हणाली, “हस्तक कोण?”

“नाना.”

“मंग नाना लिव्ह ना बाई. हस्तक लिव्हलं तं त्याला वाटंल दुसऱ्या कोणाचं हाय.”

मी दोन्ही लिहिलं. त्यातला एकही शब्द आज बदलणार नाही.

पण पत्रकाने काय होणार, हा प्रश्न होताच. तेव्हा आई बोलली. ती सभेत कधी बोलत नसे. “तिला नारळ नाय तं आपल्याला तरी कशाला? परत देऊ.” हे इतकं सोपं होतं की क्षणभर कुणाला कळलंच नाही. नारळ परत म्हणजे वर्षाचं बंधन परत. म्हणजे मालकाच्या एकाही वेलाला कुणी कात्री लावणार नाही. तुळशीरामबाबा, आमच्यातले सगळ्यांत वयस्कर वाटेकरी, चाचरत म्हणाले, “पण फोडलेला नारळ परत कसा करायचा? आमी तं खोबरं खाल्लं. चटणी झाली त्याची.”

“करवंटी हाय ना घरात?” आई.

“करवंटी घेऊन काय करतील ते?”

“आपण काय करतो बाबा? चुलीत घालतो. त्यांनी बी घालावी.”

मग जो हशा पिकला, तो मला आठवतो. चैत्रातली संध्याकाळ, कुणाच्या तरी घरून आलेली कैरीची डाळ, मांडवाच्या तारांतून दिसणारं लालसर आभाळ, आणि इतकी वर्षं पाडव्याला छातीत धडकी भरवून घेणारी माणसं पोट धरून हसताहेत. भीती अशी जाते. तिच्यावर कुणी भाषण केलेलं नव्हतं, मी धरून.

सकाळी रांग लागली. कुणाची अख्खी करवंटी, कुणाची अर्धी, एकीने तर दांडा लावून आमटीचा डाव केलेली आणली, दांड्यासकट. नाना ओट्यावर बसलेला. एकेक जण येऊन ठेवत होतं, राम राम म्हणत होतं, जात होतं. आईची पाळी आली तेव्हा त्याचा चेहरा उतरला.

“ताई, तू बी?”

“भाऊबीजेला ओवाळीन, नाना. ते येगळं.” तिने करवंटी ठेवली. “हे मालकासाठी हाय.”

आता या हंगामातली खरी मेख सांगते. खरड छाटणीला उशीर चालत नाही. एप्रिलात कापलेला वेल कडक उन्हात फुटतो आणि त्या उन्हातच नव्या काडीत पुढच्या वर्षीचा घड धरतो. डोळ्यांना दिसत नाही, पण धरतो. छाटणी लांबली, फूट ढगाळ जूनमध्ये सापडली, की काडी पोसते आणि घड येतच नाही. म्हणजे एप्रिलच्या उन्हातले दिवस वाया गेले तर पुढच्या फेब्रुवारीत मालकाच्या मांडवावर नुसती पानं. पोट आमचंही निम्म्याचं होतं, ते आम्हाला माहीत होतं. या शिवारात त्याच्याकडे मात्र निम्म्या वाट्याच्या हक्काखेरीज काही नव्हतं, अगदी कात्री धरणारा एक हातसुद्धा नव्हता.

नानाने पेठकडून छाटणीची टोळी आणली. टोळीची माणसं जीपमधून उतरली, ओट्याशी पाणी प्यायला थांबली आणि करवंट्यांचा ढीग बघून विचारायला लागली. टोळीची पुढारीण एक ठसठशीत बाई. तिने सगळं ऐकून घेतलं, लंकाबाईची बाग लांबून बघितली आणि नानाला म्हणाली, “ज्याच्या हातचं पाणी वेल प्याला, पयली कात्री त्याची. तुमचा निवाडा होऊ द्या, मंग बोलवा.” टोळी परत जीपमध्ये बसली. नानाने भाडं दोन्ही बाजूंचं भरलं.

त्या दिवसांतल्या दुपारी विचित्र शांत होत्या. सगळीकडच्या बागा उघड्याबोडक्या होऊन पोपटी डोळे फुटू लागलेले, आणि आमचं शिवार तेवढं गेल्या वर्षीची करपलेली पानं अंगावर घेऊन उभं. रस्त्याने जाणारे टेम्पोवाले वेग कमी करून बघायचे. वारा आला की त्या वाळक्या पानांचा आवाज व्हायचा. घरी माझे वडील रोज सकाळी कात्रीला तेल द्यायचे आणि परत खुंटीला लावायचे.  कात्री खुंटीवर बघणं शेतकऱ्याला किती जड जातं, हे मी त्यांच्या हातांवरून शिकले.

मग एका दुपारी नाना पायी आला. राजदूत नाही. लंकाबाईच्या बांधावर बसला. मी तिथेच होते.

“रोज फोन येतोय मुंबईहून,” तो म्हणाला. “म्हणतात, तुला माणसं सांभाळता येत नसतील तर दुसरा बघतो. एका फोनात जाईल माझी नोकरी. एवढी वर्षं केली चाकरी.”

“तुमाला कुठं पाडव्याला नारळ देतात?” लंकाबाईने विचारलं.

 नाना म्हणाला, “मला कोण देतं?”

“मंग जा आन् सांगा त्यांना. नारळ द्यायचा तं स्वतः येऊन द्यायचा. तुमच्या हातून आता आमी घेत नाय. तुमचं तोंड मधे नको.”

मला वाटतं, त्याच्या आयुष्यात त्याची नोकरी इतक्या स्पष्ट शब्दांत त्याला कुणी समजावली नसेल.

मालक आला. पांढऱ्या गाडीतून, शहरी बूट घालून, एकटाच. मला वाटलं होतं राक्षस उतरेल. उतरला एक थकलेला, घामाघूम गृहस्थ, ज्याला बांधावर पाय कुठे ठेवायचा ते कळत नव्हतं. त्याने लंकाबाईला नारळ दिला. सगळ्यांना दिला. सगळ्यांसमोर, उन्हात उभं राहून. लंकाबाईने तो घेतला, कपाळाला लावला आणि म्हणाली, “साहेब, आता पीकपाहणीला माहं नाव लावा.”

तो हसला. “बघू,” म्हणाला. गाडीत बसून गेला.

लंकाबाईने पहिली कात्री लावली आणि त्या संध्याकाळपर्यंत अख्खं शिवार मोकळं झालं. ऊन होतं, वेल फुटले, पुढच्या फेब्रुवारीत घड आले. बाग तिच्याकडे राहिली. आम्ही जिंकलो, आणि हे मी ठासून लिहिते, कारण आमच्या बाजूचे लोक जिंकलेलं जिंकलं म्हणायला लाजतात. पण नाव लागलं नाही. ‘बघू’ चालू राहिलं.

आज, २००८च्या या चैत्रात, पाडव्याची ती चाल मोडली आहे. मालकाच्या मुलाने कारभार हातात घेतला. त्याने नानाला खरोखरच एका फोनात काढलं. आता मुखत्यार म्हणजे नाशिकला कॉलेज रोडवरचं एक ऑफिस. गार हवा, काचेचं दार, आत टाय बांधलेला मुलगा. त्याला लंकाबाई म्हणजे कोण ते माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचंही नाही. त्याच्या दारात करवंट्या ठेवल्या तर झाडूवाला उचलून नेईल. त्याने तिला निरोप पाठवला की जमिनीवर कागदोपत्री कुणीच नाही, तेव्हा बाग रिकामी करावी. लंकाबाईने तहसीलदारांकडे अर्ज केला आहे: ही जमीन मी कसते, पीकपाहणीला माझं नाव लावा. मालकाचं म्हणणं, ही बाई हंगामी मजूर होती.

मागच्या तारखेला नाना तहसील कार्यालयात आला. आता त्याला काठी लागते. आईने त्याला हाताला धरून जिना चढवला. मालकाच्या वकिलाने त्याला बघून मान हलवली, त्याला वाटलं आपला माणूस. नानाने काळा चष्मा खिशात ठेवला आणि सांगितलं, “मुखत्यार मी होतो. मुरमाड तुकडा मी हिला दाखवला. माती हिने वाहिली, वेल हिने लावले. खुद्द म्हणून जे लागलं ते मी लावून घेतलं, मालकाच्या सांगण्यावरून. हीच कसते.” वकील म्हणाला, काढून टाकलेला नोकर आहे, खुन्नस काढतोय. दुसरा कुणी तटस्थ साक्षीदार आहे का?

गावातले आम्ही सगळे म्हणे तटस्थ नाही. ठीक आहे. तटस्थ साक्षीदार मी तुम्हाला दाखवते.

दर फेब्रुवारीत मालकाचे पाहुणे त्या बागेत यायचे. नाशिकचे डॉक्टर, वकील, प्राध्यापक, मुंबईची कुटुंबं, टोप्या घातलेली मुलं. मांडवाखाली सतरंजी पडायची. एक सावळी, उंच बाई कात्रीने घड तोडून तुमच्या टोपलीत ठेवायची आणि म्हणायची, धुऊन खा, औषध मारलंय. तुम्ही तिला विचारलंत, ही बाग कुणी लावली? ती म्हणाली, मी. तुम्ही म्हणालात, वा. तुमच्या मुलांनी तिच्याबरोबर फोटो काढले. ती द्राक्षं गोड होती हे तुम्ही आजही चारचौघांत सांगता.

तुमच्यापैकी काही जण हे वाचत आहात, मला खात्री आहे. पुढची सुनावणी याच महिन्यात, दिंडोरीच्या तहसील कार्यालयात आहे. तारीख दारावर लावलेली असते. या. तो फोटो सापडला तर घेऊन या, नाही सापडला तरी या. तहसीलदार साहेबांसमोर उभे राहा आणि तुम्ही जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगा. तिचं नाव लंकाबाई गांगुर्डे आहे. ते मोठ्याने सांगा.